गुणफलकामागचा जमाखर्च

अकोल्याच्या बाजारात कापूस घेताना जाणता व्यापारी नुसते वजन पाहत नाही. रुईचा उतारा किती पडेल, याचा अंदाज तो आधी बांधतो. हीच दृष्टी बास्केटबॉलच्या मैदानावर नेली, तर गुणफलकाने झाकलेले पुष्कळ काही दिसू लागते. श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची १९१४ पासूनची परंपरा लाभलेल्या अमरावतीत ज्यांची मुलेमुली महाविद्यालयीन संघांतून खेळतात, त्या पालकांना हा हिशेब ठाऊक असलेला बरा.

समजा, एका मुलीने २० वेळा नेम धरून दोन गुणांच्या ८ बास्केट केल्या. दुसरीने १५ वेळा नेम धरून तीन गुणांच्या ६. दोघींची टक्केवारी ४०च. परंतु पहिलीने २० प्रयत्नांत १६ गुण दिले, दुसरीने १५ प्रयत्नांत १८. भांडवल कमी, प्राप्ती अधिक!

अमेरिकन अभ्यासक डीन ऑलिव्हर यांनी २००४ साली ‘बास्केटबॉल ऑन पेपर’ या ग्रंथात संघाची पारख चार बाबींवर केली: नेमाची परिणामकारकता, हातचा गमावलेला चेंडू, हुकलेल्या नेमानंतर पटकावलेला चेंडू आणि फ्री थ्रो. चेंडू ताब्यात येणे ही एक संधी. अशा प्रत्येक संधीमागे किती गुण पडले, हा संघाचा खरा ताळेबंद. बाकावर बसलेल्या राखीव खेळाडूलाही साध्या वहीत या नोंदी ठेवता येतात.

मात्र दोन-तीन सामन्यांच्या आकड्यांवरून कोणाचेही नाव संघातून गाळणे अन्यायाचे ठरेल. प्रतिस्पर्ध्याची वाट अडवून धरणाऱ्या मुलीचे श्रम या वहीत पुरते उतरतही नाहीत. भारतीय संख्याशास्त्राचे अध्वर्यू प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९५४ मधील एका निबंधात संख्याशास्त्राच्या पायाचा विचार करताना आपल्या स्याद्वादाची आवर्जून दखल घेतली होती. ‘स्यात्’ म्हणजे कथंचित्, एका अपेक्षेने. प्रत्येक आकडा त्याच्या अपेक्षेपुरताच खरा असतो.

निवडीत मागे पडलेली मुलगी उदास होऊन घरी येते, तेव्हा “किती गुण केलेस?” एवढेच विचारून थांबू नये. चेंडू किती वेळा राखलास, कोणाला संधी मिळवून दिलीस, हेही विचारावे. तिच्या खात्यावरील ही जमा घरच्यांनी तरी नोंदवायला हवी.