हक्काच्या माणसांचा व्हिसा

युरोपीय नागरिकाशी लग्न झालेल्या भारतीय माणसाला व्हिसासाठी महिनोन्‌महिने ताटकळावे लागते, कधी सरळ नकार येतो, ही तक्रार कोणी मांडली की समोरून ठरलेले उत्तर येते. देश त्यांचा, दार त्यांचे. आत कोणाला घ्यायचे ते तेच ठरवणार, आपण बोलणारे कोण? आपल्यातले शिकलेसवरलेले लोकही हेच म्हणतात. वकिलातीच्या खिडकीमागे बसलेल्या अनेकांची समजूतही हीच असते, आणि सारा घोळ तिथूनच सुरू होतो.

पर्यटकाच्या बाबतीत हे उत्तर एक वेळ मान्य करता येईल. नागरिकाच्या कुटुंबाच्या बाबतीत ते साफ चूक आहे. युरोपियन युनियनने २९ एप्रिल २००४ रोजी निर्देश क्रमांक २००४/३८ संमत केला. युनियनचा नागरिक आपला देश सोडून युनियनमधल्याच दुसऱ्या देशात राहत असेल किंवा तिकडे निघाला असेल, तर त्याचे कुटुंब त्याच्यासोबत जाऊ शकते; कुटुंबीयांचा पासपोर्ट मग जगातल्या कोणत्याही देशाचा असो. कुटुंब म्हणजे पती किंवा पत्नी, २१ वर्षांखालची अथवा अवलंबून असलेली मुले, आणि दोघांपैकी कोणाचेही अवलंबून असलेले आईवडील. यांना प्रवेशासाठी व्हिसा लागत असेल तर तो विनाशुल्क द्यायचा, लवकरात लवकर द्यायचा, त्यासाठी जलद पद्धत ठेवायची आणि सर्व सोयी करून द्यायच्या, असे पाचवे कलम सांगते. हे बंधन कोणी बाहेरून लादलेले नाही. सदस्य देशांनी ते आपल्या सहीने पत्करले आहे. दार त्यांचेच, पण या दाराची किल्ली त्यांनी स्वतःच नागरिकाच्या हातात दिली आहे.

नागरिकाच्या हातात, हे नीट लक्षात घेतले पाहिजे. हा हक्क उगम पावतो तो भारतीय नवऱ्यापासून किंवा बायकोपासून नव्हे, तर युरोपीय नागरिकापासून. गोव्यात हा प्रश्न अगदी घरचा आहे. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुलाबाळांना पोर्तुगालमध्ये जन्माची नोंद करून पोर्तुगीज नागरिकत्व घेता येते. सासष्टी-बारदेशातल्या कित्येक कुटुंबांत एकाचा पासपोर्ट पोर्तुगीज आणि दुसऱ्याचा भारतीय असतो. समजा, मडगावची अशी एक पोर्तुगीज नागरिक नेदरलँड्समध्ये नोकरी करते आणि तिचा नवरा भारतीय पासपोर्टवर तिच्याकडे निघाला आहे. त्याची वाट अडवली तर अडते कोण? तीच. युनियनमध्ये कुठेही जाऊन काम करण्याचे स्वातंत्र्य तिला दिले आहे, पण संसार मागे ठेवून जा अशी अट घातली, तर ते स्वातंत्र्य फक्त एकट्या माणसांसाठी उरते.

आता प्रत्यक्षात काय होते ते पाहू. या नवऱ्याने दाखवायचे ते इतकेच: आपली ओळख, बायकोचे नागरिकत्व, लग्न झाल्याचा पुरावा, आणि आपण तिच्यासोबत किंवा तिच्याकडे जात आहोत ही गोष्ट. शेंगेन व्हिसाच्या छापील अर्जातही हे मान्य केलेले आहे. व्यवसाय, नोकरी देणाऱ्याचा पत्ता, प्रवासाचा खर्च कोण करणार, असल्या रकान्यांवर तारेची खूण असते आणि मुक्त संचाराचा हक्क बजावणाऱ्या युरोपीय नागरिकांच्या कुटुंबीयांनी ते भरायचे नाहीत असे अर्जावरच लिहिलेले असते. तरीही त्याच्याकडे बँकेचे स्टेटमेंट मागितले जाते, हॉटेलचे बुकिंग, प्रवास विमा, परतीचे तिकीट, रजा मंजुरीचे पत्र मागितले जाते. बायकोच्या घरी राहायला निघालेल्या माणसाकडे हॉटेलचे बुकिंग! आणि परत येण्याचा इरादा पटला नाही म्हणून नकार. बायकोसोबत कायम राहणे हाच ज्याचा हक्क आहे, त्याच्या परतण्याच्या इराद्याची चौकशी कशासाठी?

आईवडिलांची स्थिती याहून बिकट. सांगलीची एक विधवा आई आहे असे धरू. मुलगी आयरिश नवऱ्याबरोबर जर्मनीत राहते आणि आईचा खर्च तीच पाठवते. कायद्याने आईला मुलीवर अवलंबून असल्याचे सिद्ध करायचे आहे. म्हणजे स्वतःच्या मिळकतीवर तिचे भागत नाही आणि मुलीचे पैसे नसतील तर तिची अडचण होईल, हे दाखवायचे. तिच्या हातात पर्यटकाच्या कागदांची यादी ठेवली तर मात्र तिला स्वतःच्या खात्यात भरपूर शिल्लक दाखवावी लागते. शिल्लक दाखवली तर ती अवलंबून नाही, न दाखवली तर ऐपत नाही. चुकीची यादी हातात ठेवल्याचा हा परिणाम आहे, आणि तो भोगते ती आई.

पर्यटकाचा व्हिसा काढून जा, कशाला हक्क दाखवत बसता, असा सल्ला आपल्याकडचे एजंट सर्रास देतात. तो सोयीचा वाटतो, म्हणूनच घातक आहे. त्याने माणूस स्वतःच्या हाताने हक्कदाराचा याचक होतो, आणि पहिला नकार आला की पुढच्या प्रत्येक अर्जात त्याचा खुलासा करत बसतो.

अडवणुकीच्या बाजूने जो युक्तिवाद होतो त्यात खोट्या लग्नांचा मुद्दा सर्वात वजनदार आहे. पासपोर्टसाठी लग्ने होतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. कायदाही ते नाकारत नाही. ३५ वे कलम फसवणूक आणि दिखाऊ लग्ने यांच्यासाठीच आहे, आणि तसे सिद्ध झाल्यास हक्क काढून घेता येतो. पण सिद्ध कोणी करायचे? संशय घेणाऱ्याने, त्या एका जोडप्यापुरते, पुराव्यानिशी. २००९ साली युरोपियन कमिशनने सदस्य देशांसाठी मार्गदर्शन काढले, त्यातही सरसकट तपासणीला मनाई होती. युरोपियन युनियनच्या लक्झेंबर्ग येथील न्यायालयानेही हेच वारंवार सांगितले. ब्रिटिश आणि आयरिश असे दुहेरी नागरिकत्व असलेला मॅकार्थी आपल्या कोलंबियन पत्नीसह स्पेनमध्ये राहत होता. तिच्याजवळ स्पेनचे निवासपत्र होते. तरी ब्रिटनला जायचे तर तिने आधी स्वतः माद्रिदला ब्रिटिश वकिलातीत जावे, उत्पन्न आणि नोकरीचा तपशील भरून परवाना घ्यावा, असा ब्रिटनचा आग्रह. फसवणूक फार होते, हे त्यामागचे कारण. १८ डिसेंबर २०१४ रोजी लक्झेंबर्गच्या न्यायालयाने तो आग्रह मोडीत काढला: इतर लोक गैरफायदा घेतात म्हणून या बाईवर अट लादता येणार नाही. त्याआधी २५ जुलै २००८ ला मेटॉक प्रकरणात आयर्लंडचा नियमही असाच कोसळला होता. कुटुंबीयाने आधी दुसऱ्या सदस्य देशात कायदेशीर वास्तव्य केलेले असले पाहिजे, असे आयर्लंडचे म्हणणे होते. न्यायालयाने ते मानले नाही. कधी आला, कुठे लग्न केले, याने पती-पत्नीच्या हक्काला बाधा येत नाही.

आणखी एक आक्षेप मात्र मी गंभीरपणे घेतो. परक्या युरोपीयाच्या बायकोला एवढी सवलत, आणि आपल्याच नागरिकाच्या बायकोला नाही, हा कुठला न्याय? आक्षेपातले दुःख खरे आहे. जर्मन नागरिकाशी लग्न केलेल्या पुण्याच्या मुलीला २००७ पासून, काही अपवाद सोडले तर, निघण्यापूर्वी जर्मनची ए-१ परीक्षा द्यावी लागते. त्यासाठी ती मॅक्स म्युलर भवनात बसते. तिच्याच मैत्रिणीचा नवरा बर्लिनमध्ये राहणारा फ्रेंच असेल तर मैत्रिणीला ही अट नाही. डेन्मार्कने २००२ मध्ये, पती-पत्नी दोघेही २४ वर्षांचे झाल्याशिवाय परदेशी जोडीदाराला येऊ द्यायचे नाही, असा नियम केला. मग कित्येक डॅनिश तरुण पूल ओलांडून स्वीडनच्या माल्मोला राहायला गेले आणि तिथून रोज कोपनहेगनला कामावर जाऊ लागले. स्वतःच्या देशात बायकोबरोबर राहण्यासाठी शेजारच्या देशात घर घ्यावे लागणे, याहून मोठा पुरावा या नियमाच्या अन्यायाचा काय हवा? पण याचा उपाय फ्रेंचाच्या बायकोचा हक्क कापणे हा नाही, जर्मन आणि डॅनिश नागरिकाच्या बायकोलाही तो देणे हा आहे. वाट १९९२ मध्येच दिसली होती. सुरिंदर सिंग हे भारतीय नागरिक. ब्रिटिश पत्नीबरोबर ते जर्मनीत काम करून ब्रिटनला परतले. युनियनच्या दुसऱ्या देशात काम करून मायदेशी परतणाऱ्या नागरिकाच्या जोडीदारालाही हा हक्क आहे, असा निकाल त्यांच्या प्रकरणात लागला. एका भारतीय माणसाच्या नावाने पुढे हजारो जोडप्यांचा मार्ग ओळखला गेला. ते तत्त्व घर न सोडलेल्या नागरिकापर्यंत नेणे एवढेच राहिले आहे, आणि ते सदस्य देशांनी केले पाहिजे.

तोवर आहे तो कायदा तरी पाळला जावा. प्रत्येक वकिलातीने कुटुंबीयांसाठी कागदांची स्वतंत्र आणि पक्की यादी जाहीर करावी. तिच्याबाहेरचा एकही कागद मागू नये. खाजगी व्हिसा केंद्रांत सेवा शुल्क भरायला लावू नये. कमिशनच्या मार्गदर्शनाप्रमाणे थेट वकिलातीत जाण्याची सोय असलीच पाहिजे, आणि २००९ च्या मार्गदर्शनाने चार आठवड्यांहून जास्त विलंब वाजवी मानला नव्हता. असा विलंब झाला तर कारण लेखी द्यावे आणि बुडालेल्या तिकिटाची, सुटलेल्या नोकरीची भरपाई द्यावी, कारण वेळेचे बंधन मोडण्याची किंमत आज एकट्या अर्जदारालाच पडते.

आपल्या बाजूनेही काही करायला हवे. महापालिकेचा किंवा गोव्याच्या नागरी नोंदणी कार्यालयाचा विवाह दाखला काढून त्यावर अपॉस्टिल, म्हणजे परदेशात चालणारे प्रमाणन, आधीच करून घ्यावे. भारत २००५ पासून त्या व्यवस्थेत आहे, तरी एखादा देश ते मानत नसेल तर त्याची पडताळणीची पद्धत अगोदर विचारून घ्यावी. अर्जासोबतच्या पत्रात निर्देशाचा क्रमांक आणि पाचवे कलम स्पष्ट लिहावे. तारेच्या खुणेचे रकाने कोरे सोडावेत. खिडकीवरून तोंडी परत पाठवले तर परतू नये. नकार लेखी मागावा, कारणांसकट, आणि दाद कोणत्या न्यायालयात आणि किती दिवसांत मागायची याच्या उल्लेखासकट. तिसावे कलम त्यांना तो द्यायला लावते.