जे मोजाल, तेच पोरं कमावतील
आखाड्याबाहेर । तालीमकर

‘किती जोर काढलेस?’ सातारा-सांगलीकडच्या तालमीत पोराला हा प्रश्न ठरलेला. आपली ताकद आकड्यांत बोलते : जोर, बैठका, हल्ली किलो. जिम्नॅस्टिक्समधल्या रिंग्ज मात्र सेकंद विचारतात. ‘क्रॉस’मध्ये दोन्ही हात खांद्यांच्या रेषेत ताठ पसरायचे आणि टांगत्या कड्यांवर पूर्ण दोन सेकंद निश्चल राहायचे. थांबाच दिसला नाही, तर पंच ते कौशल्य धरत नाहीत.

वजनाशिवाय कमावलेली ताकद आपल्याला परकी नाही. औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी १८९७ मध्ये शरीरसौष्ठवपटू सँडोची साधने आणून वर्षानुवर्षे व्यायाम केला. पुढे मिरजेच्या संस्थानिकांच्या सांगण्यावरून ते सूर्यनमस्कारांकडे वळले आणि संस्थानातल्या शाळांत त्यांनी ते सक्तीचे केले. आज साताऱ्यात असलेले औंध आणि सांगलीत असलेली आटपाडी, कुंडल ही गावे त्याच संस्थानातली.

मल्लखांबावर फरारा धरणारा पोरगा रिंग्जवर सहज चमकेल, असे आपल्याला वाटते. ते अर्धेच खरे. पकड, कणखर पोट-पाठ, उलटे होण्याची सवय या गोष्टी तो घेऊन येतो. पण पायांची अढी घालायला इथे लाकूड नाही. पाय मोकळे, कड्या हलत्या आणि सगळा भार खांद्यांवर व ताठ कोपरांवर. स्नायू काही महिन्यांत भरतात. कंडरांना त्याहून कितीतरी जास्त वेळ लागतो. घाई केली की आधी त्याच दुखावतात.

कोपराची किंमत सांगलीला ठाऊक आहे. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत सांगलीचा वेटलिफ्टर संकेत सरगर याने ५५ किलो गटात २४८ किलो उचलले. १३९ किलोच्या प्रयत्नात त्याचे कोपर दुखावले आणि सुवर्ण एका किलोने हुकले.

म्हणून तालमींनी कड्या जरूर टांगाव्यात, पण आधी छातीच्या उंचीवर. पाय जमिनीला टेकवून सुरुवात, मग ताठ हातांवर अंग तोलणे. ते डगमगत असेपर्यंत क्रॉसचे नाव नको, आणि हे सारे जाणत्या प्रशिक्षकासमोरच. गावच्या स्पर्धेत जोरांच्या बक्षिसाशेजारी स्थिर तोलाच्या सेकंदांनाही एक बक्षीस ठेवा. आज पोरं आकडा वाढवतात, कारण आपण टाळी आकड्यालाच देतो.