आकडा उतरला, प्रश्न तसाच

यॉर्कशरमधील वॉलशॉ मूर ह्या माळावर 2023 साली 65 पवनचक्क्यांची योजना आली. 2025 साली ती 41 वर उतरवून जनतेचे मत मागविण्यात आले. असली घासाघीस मंडईत शोभते! परंतु साहित्यप्रेमी मंडळींचा आक्रोशही आम्हांस पटत नाही. नजीकच्या टॉप विदेन्सच्या पडक्या घरास ‘वुदरिंग हाइट्स’ समजून ही मंडळी अश्रू ढाळतात; त्याच भिंतीवर ब्राँटे सोसायटीने 1964 साली लावलेला फलक मात्र ते घर कादंबरीतील वर्णनाशी जुळत नाही, असे स्वच्छ सांगतो. खरा आक्षेप पायाखाली आहे. हजारो वर्षे कर्ब साठवीत आलेली पीटची दलदल खोदून, तीत रस्ते पाडून, हवेतील कर्ब कमी करण्याची ही कोणती रीत? चक्क्या 41 असल्या म्हणून पाये खणावे लागत नाहीत काय?