योग्य ती खबरदारी कशी दिसते?

डोंबिवली एमआयडीसीच्या फेज दोनमध्ये २३ मे २०२४च्या दुपारी अमुदान केमिकल्समध्ये रिअॅक्टरचा स्फोट झाला आणि दहाहून अधिक माणसं गेली. आजूबाजूच्या कारखान्यांचे पत्रे उडाले, लांबवरच्या घरांची तावदानं फुटली. त्याआधी आठ वर्षं, २६ मे २०१६ला, प्रोबेस कंपनीतल्या स्फोटाने बारा जीव घेतले होते. तेव्हाही काचा लागून कितीतरी जण रक्तबंबाळ झाले. अशा घटनेनंतर शासनाकडून येणारं आवाहन आता आपल्याला पाठ झालं आहे. घाबरू नका, अफवांवर विश्वास ठेवू नका, योग्य ती खबरदारी घ्या.

हे शेवटचं वाक्य एखाद्या चित्रकाराला चितारायला द्या. तो लगेच विचारेल, माणूस कुठे उभा दाखवू? खिडकीपाशी की आतल्या खोलीत? खिडकी उघडी की बंद? पंखा चालू की बंद? कडेवर मूल घेतलेली बाई जिना उतरते आहे की चढते आहे? या प्रश्नांची उत्तरं कुणा अधिकाऱ्याने दिल्याशिवाय पेन्सिल कागदाला लागणार नाही. परिपत्रकात मोघमपणा खपून जातो, चित्रात खपत नाही. सरकारने लोकांसाठी चित्रकथा काढाव्यात, असं मी म्हणतो ते यासाठी. त्या मुलांना आवडतात, कमी शिकलेल्यांनाही कळतात, ही कारणं खरीच आहेत. पण माझ्या लेखी सर्वांत मोठं कारण हे, की चित्रकथा काढायला बसलेल्या सरकारला आधी आपल्याला नेमकं काय ठाऊक आहे आणि काय नाही, ते तपासावं लागतं.

जगभरातल्या ज्या सरकारी चित्रकथा कामी आल्या, त्या या कसोटीवर उतरलेल्या दिसतात. अमेरिकी लष्कराने १९५१मध्ये गाड्या आणि शस्त्रांच्या देखभालीसाठी ‘पी. एस.’ नावाचं मासिक सुरू केलं आणि ते चितारायला विल आयस्नरसारख्या अव्वल चित्रकाराला बसवलं. आयस्नर हे काम १९७१पर्यंत करत राहिला. त्यात देशभक्तीची भाषणं नसत. कुठला नट ढिला होतो, तो कसा आवळायचा, आणि नाही आवळला तर गाडी कुठे बंद पडते, हे असे.

मेक्सिकोचं उदाहरण मला याहून धाडसाचं वाटतं. आपली हजारो माणसं जिवावर उदार होऊन चोरवाटेने अमेरिकेत जातात आणि वाळवंटात, नदीत मरतात, हे त्या सरकारला माहीत होतं. २००४च्या डिसेंबरात त्यांच्या परराष्ट्र खात्याने बत्तीस पानांची एक रंगीत चित्रपुस्तिका काढली. सुमारे पंधरा लाख प्रती छापल्या आणि ‘एल लिब्रो वाकेरो’ या लोकांच्या आवडत्या चित्रकथा-मालिकेसोबत वाटल्या. जाड कपडे भिजले की अंग जड होतं आणि पोहता येत नाही. पाण्यात मीठ घातलं तर शरीरातलं पाणी टिकायला मदत होते. दलालाच्या हाती जीव सोपवू नका, असं त्यात होतं. अमेरिकेत मोठा गहजब झाला. हे सरकार बेकायदा स्थलांतराला उत्तेजन देतं आहे, असा आरोप झाला. तो वाद बाजूला ठेवू. मला दिसतं ते हे, की एका सरकारने आपल्या नागरिकांवरचं संकट जसं आहे तसं कागदावर उतरवलं. ‘तिकडे जाऊ नका’ एवढंच छापून हात झटकले नाहीत.

तिसरं उदाहरण टोकियोचं, आणि ठाण्या-डोंबिवलीला ते सर्वांत जवळचं आहे. १ सप्टेंबर २०१५पासून टोकियोच्या महानगर सरकारने ‘टोकियो बोसाई’ हे आपत्तीच्या तयारीचं पिवळ्या मुखपृष्ठाचं पुस्तक शहरातल्या प्रत्येक घरी फुकट पोचवलं. १९२३चा महाभूकंप १ सप्टेंबरलाच झाला होता, म्हणून तारीख ती. पानं तीनशेहून जास्त, प्रती सुमारे पंचाहत्तर लाख. पाणी किती साठवायचं, कपाट भिंतीला कसं जखडायचं, मलवाहिनी फुटल्यावर शौचालयाचं काय करायचं, सगळं चित्रांतून. आणि त्यातच कायजी कावागुची या नामांकित चित्रकाराची एक मांगा-कथा. तिच्यात टोकियोला भूकंप होतो. आपल्याच राजधानीची पडझड सरकारने स्वतःच्या खर्चाने चितारून घेतली आणि घरोघर वाटली. अशाने लोक घाबरतील हा मुद्दा तिथेही कुणाच्या मनात आला असेलच.

आपल्याकडे सरकारी चित्रकथा आहेत आणि पुष्कळ आहेत. निवडणूक आयोगाने मतदार नोंदणीसाठी चाचा चौधरींना उभं केलं. गंगा स्वच्छतेच्या ‘नमामि गंगे’ मोहिमेचं बोधचिन्हही २०२१मध्ये चाचा चौधरीच झाले. केंद्रीय सांस्कृतिक मंत्रालयाने ‘अमर चित्रकथे’बरोबर स्वातंत्र्यलढ्यातल्या अपरिचित वीरांगनांवर पुस्तक काढलं, पुढे २०२३मध्ये ‘मन की बात’मधल्या कहाण्यांच्या चित्रकथा काढल्या. थोरामोठ्यांच्या गोष्टी मुलांनी जरूर वाचाव्यात, त्या पुस्तकातली राणी वेलू नाचियार मराठी मुलांना कळली तर आनंदच आहे. पण गौरवगाथा हा एक प्रकार झाला आणि नागरिकाला शहाणं करणं हा दुसरा. पहिल्या प्रकारात सरकारला काही कबूल करावं लागत नाही.

दुसऱ्या प्रकारातलं चांगलं काम आपल्याकडे रिझर्व्ह बँकेने केलं आहे. १४ नोव्हेंबर २००७ला, बालदिनी, तिने आपल्या संकेतस्थळावर अर्थसाक्षरतेचा विभाग उघडला. राजू आणि मनी कुमार यांच्या चित्रकथा तिथे आल्या. बचत म्हणजे काय, नोट कशी जपावी, पतधोरण कशासाठी, असे त्यांचे विषय होते. चांगल्या होत्या, जरा गोडगोड होत्या. मग २०२२मध्ये बँकेच्या मुंबईतल्या लोकपाल कार्यालयाने ‘राजू अँड द फॉर्टी थीव्ज’ नावाची पुस्तिका काढली आणि इथे सूर बदलला. चाळीस फसवणुकी, चाळीस छोट्या चित्रगोष्टी. जुनं फर्निचर ऑनलाइन विकायला काढलेल्या माणसाला ‘पैसे पाठवतो, हा क्यूआर कोड स्कॅन करा’ म्हणून कसं गंडवतात, केवायसीच्या नावाखाली मोबाइलचा पडदा कसा ताब्यात घेतात, नोकरीचं आमिष कसं दाखवतात, हे चोराच्या एकेका पावलानिशी दाखवलं आहे. पैसे घ्यायला पिन लागत नाही, द्यायला लागतो, ही गोष्ट शंभर जाहिरातींपेक्षा त्या एका पानावर जास्त चांगली कळते. ज्या बँकव्यवस्थेची राखण आपण करतो तिच्यात चोर कुठून शिरतात, हे रिझर्व्ह बँकेने स्वतः चितारून दाखवलं, याचं मला कौतुक आहे.

माझी तक्रार आहे ती पोचण्याबद्दल. ही पुस्तिका पीडीएफच्या रूपात संकेतस्थळावर आहे. ज्या निवृत्त काकांना किंवा डोंबिवलीच्या फडके रोडवर भाजी घेऊन परतणाऱ्या मावशींना तिची खरी गरज, त्यांच्या हातात ती नाही. पेन्शनच्या दिवशी सहकारी बँकेच्या प्रत्येक शाखेत ती मराठीत, मोठ्या टायपात ठेवलेली असायला हवी होती.

आणि एक उदाहरण तर आपल्या रोजच्या वाटेवरचं. मध्य रेल्वेने २००९-१०च्या सुमारास वडाळ्याजवळ रूळ ओलांडणाऱ्यांसाठी एक प्रयोग केला. फायनल माइल नावाच्या संस्थेने तो आखला होता. काही स्लीपर पिवळे रंगवले, जेणेकरून गाडीचा वेग नजरेला कळावा. मोटरमनला एका लांब शिट्टीऐवजी दोन तोकड्या शिट्ट्या द्यायला सांगितलं. आणि एक मोठा फलक लावला. एका माणसावर गाडी चालून येते आहे, तीन चौकटी, आणि दर चौकटीत त्याच्या चेहऱ्यावरची भीती वाढत जाते. खाली नियमाचं कलम नाही, दंडाची रक्कम नाही. त्या टप्प्यातले मृत्यू पुढच्या वर्षभरात बरेच कमी झाले. तीन चौकटींची ती चित्रकथाच होती. कळवा, मुंब्रा, दिवा, ठाकुर्ली या पट्ट्यात अशा चौकटी किती दिसतात, ते रोज लोकलने जाणाऱ्या वाचकानेच सांगावं.

आता पुन्हा एमआयडीसीकडे येतो, कारण माझा जीव तिथे अडकला आहे. आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. म्हणजे एक किलोमीटरवर स्फोट झाला, तर झगझगाट दिसल्यापासून धक्का घरापर्यंत यायला सुमारे तीन सेकंद मिळतात. या तीन सेकंदांत माणूस काय करतो? खिडकीकडे धावतो. ऑगस्ट २०२०मध्ये बैरुत बंदरात आधी आग लागली होती, आणि ती बघायला, मोबाइलवर टिपायला खिडक्यांत, गच्च्यांत उभ्या राहिलेल्या माणसांवर स्फोटाचा धक्का आदळला. डोंबिवलीच्या मिलापनगरमधल्या किंवा सोनारपाड्यातल्या कुटुंबाला हे तीन सेकंद समजावून द्यायला चित्रकथेइतकं चांगलं साधन नाही. पहिल्या चौकटीत लखलखाट, दुसरीत काचा. मधल्या कोऱ्या पट्टीत तीन सेकंद मावतात आणि वाचणं-न वाचणं तिथेच ठरतं. खिडकीकडे पाठ, भिंतीआड, जमिनीवर, डोकं हातांत. एका पानाचं काम.

वायुगळतीचं पान वेगळं. ३ जून २०२१च्या रात्री बदलापूर एमआयडीसीतून वायू सुटला तेव्हा लोकांना श्वास घेणं कठीण झालं, डोळे चुरचुरले. अशा वेळी बाहेर पळायचं की दारं-खिडक्या लावून आत थांबायचं? पळायचं तर वाऱ्याच्या दिशेने, विरुद्ध, की आडवं? क्लोरीन हवेपेक्षा जड असतो, तो खाली साचतो, म्हणून तळघरात शिरणं धोक्याचं. अमोनिया हलका असतो. म्हणजे आपल्या घराजवळच्या कारखान्यात काय साठवलं आहे हे माहीत असल्याशिवाय हे पान काढताच येणार नाही.

आणि हे सांगणं ही काही मेहेरबानी नाही, कायदा आहे. भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर १९८७मध्ये कारखाने अधिनियमात ४१-बी हे कलम घातलं गेलं. घातक प्रक्रिया चालवणाऱ्या कारखान्याने कामगारांना, स्थानिक प्रशासनाला आणि आसपासच्या जनतेलाही धोक्याची माहिती दिली पाहिजे, असं त्यात म्हटलं होतं. घातक रसायनांविषयीच्या १९८९च्या नियमांतला १५वा नियम आणखी स्पष्ट आहे. ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त घातक रसायन ठेवणाऱ्या कारखान्याच्या मालकाने, थेट किंवा जिल्ह्याच्या आपत्कालीन यंत्रणेमार्फत, कुंपणाबाहेरच्या लोकांना दोन गोष्टी कळवायच्या आहेत. अपघात कोणत्या स्वरूपाचा होऊ शकतो, आणि तो झाला तर काय करायचं, काय करायचं नाही. कारखान्याबाहेरचा आपत्कालीन आराखडाही याच नियमांनुसार तयार ठेवावा लागतो. जे लहान कारखाने मर्यादेच्या आत राहून या नियमातून निसटतात त्यांच्याकडूनही माहिती घ्यावी लागेल, कारण स्फोट परवान्यावरचा आकडा वाचून होत नाही.

तेव्हा मागणी साधी आहे. डोंबिवली, अंबरनाथ, बदलापूर या औद्योगिक पट्ट्यांभोवतीच्या प्रत्येक घरात सोळा पानांची चित्रकथा पोचवा. मजकूर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाने आणि अग्निशमन दलाने द्यावा. ठाण्यात आपत्ती प्रतिसाद दलाचे (टीडीआरएफ) जवान आहेत, त्यांनी ढिगाऱ्याखालून माणसं काढली आहेत, त्यांना चित्रकारासमोर बसवा. पुराचं पानही हवं, २६ जुलै २००५ला कल्याण आणि बदलापूरने काय भोगलं ते विसरण्यासारखं नाही. चित्रं एकच ठेवून फुगे मराठी, हिंदी, उर्दूत लिहिता येतात, म्हणजे कारखान्यातला उत्तर प्रदेशचा कामगार आणि मुंब्र्याची आजीही सुटणार नाही.

हे महाराष्ट्राला जमणारं नाही असं कोणी म्हणू नये. शि. द. फडणीसांसारख्या व्यंगचित्रकाराकडून गणिताची पाठ्यपुस्तकं सजवून घेतली ती याच राज्याच्या पाठ्यपुस्तक मंडळाने. १९७१पासून ‘किशोर’ मासिक चालवणारीही तीच संस्था. चांगला चित्रकार शोधून त्याच्यावर विश्वास टाकायचा आणि मजकूर अधिकाऱ्यांनी कोरडा करायचा नाही, हे तेव्हा जमलं होतं. खर्चाचं म्हणाल, तर शहरभर लागणाऱ्या शुभेच्छांच्या फ्लेक्सचा हिशेब आधी मांडू.

वाचकांना एक विनंती. तुमची सोसायटी एमआयडीसीच्या आसपास असेल, तर पुढच्या सर्वसाधारण सभेत हा विषय घ्या आणि सोसायटीच्या लेटरहेडवर ठाणे जिल्हाधिकाऱ्यांना पत्र लिहा. १९८९च्या नियमांतल्या १५व्या नियमाप्रमाणे आमच्या परिसरात कोणत्या अपघाताचा धोका आहे आणि तो झाल्यास आम्ही काय करायचं, ते चित्रांसह, मराठीत, प्रत्येक घरासाठी द्यावं, एवढंच त्यात लिहा. एक प्रत महापालिका आयुक्तांना आणि एक औद्योगिक सुरक्षा संचालनालयाच्या कल्याण कार्यालयाला पाठवा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही, तर तोच प्रश्न माहिती अधिकारात विचारा.