पार्सलने आलेला मुद्देमाल

रांगणा किल्ल्याला निघालेली मुले पाटगाव मागे पडले की मोबाइलचा भरवसा धरत नाहीत. गारगोटीतून निघतानाच बॅगेत वॉकीटॉकीची जोडी पडलेली असते. ऑनलाइन मागवलेली, घरपोच आलेली. गणपतीच्या मिरवणुकीत आणि लग्नाच्या हॉलवरही हेच संच दिसतात. परवान्याचे विचारले तर समोरचा विचारतो, खेळण्याला कसला परवाना?

त्या खेळण्याचा पडदा एकदा नीट पाहावा. यातल्या अनेक संचांवर बटण दाबत गेले की आकडे 136 ते 174 आणि 400 ते 520 मेगाहर्ट्‌झ असे फिरतात. विनापरवाना बोलायला 2018 च्या नियमांनी मोकळी ठेवलेली जागा आहे 446.0 ते 446.2. म्हणजे संचाच्या आवाक्याचा जेमतेम आठशेवा हिस्सा. तिथेही संच सरकारमान्य हवा. बोट जरा पुढे सरकले की आपण दुसऱ्याच्या हद्दीत, कदाचित पोलिसांच्याही.

आता शिक्षा. 1933 च्या कायद्यात बेकायदा ट्रान्समीटर बाळगला तर तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. 2023 च्या दूरसंचार कायद्याने नुसते बाळगण्याला पहिल्या वेळी 50 हजारांपर्यंत आणि नंतर दर वेळी 2 लाखांपर्यंत दंड ठरवला. बाळगणारा म्हणजे तो बॅगवाला मुलगा.

आणि विकणारा? जानेवारी 2026 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने आठ कंपन्यांना मिळून 44 लाखांचा दंड केला. अ‍ॅमेझॉन, फ्लिपकार्ट, मीशो आणि मेटा यांना प्रत्येकी 10 लाख. फसव्या जाहिरातीला पहिल्या खेपेला ग्राहक कायदा याहून जास्त दंड करूच देत नाही. या कंपन्यांना ही रक्कम किती जड गेली असेल, हे सांगायला हिशेबनीस लागत नाही. गारगोटीच्या घरात मात्र 50 हजार म्हणजे उसाच्या बिलाला पडलेले खिंडार.

जाहिरातीतच फ्रिक्वेन्सी आणि मान्यता दाखवा, अशा मार्गदर्शक सूचना 2025 मध्ये निघाल्या. पुढच्या ग्राहकासाठी ठीक. पण जे आधीच विकले गेले, ते संच विकणाऱ्यांनी परत न्यावेत आणि पैसे फेडावेत. ग्राहक शोधायची अडचण कोणी सांगू नये. घराचा पत्ता, खूण आणि फोन नंबर घेतल्याशिवाय पार्सल सुटलेच नव्हते.