गाव जिंकल्याचा हिशेब

आधुनिक युद्धात एखाद्या लहानशा गावाचे नाव अकस्मात जगाच्या तोंडी येते. कालपर्यंत ते नाव त्या देशाच्या टपाल खात्यापलीकडे फारसे कोणाला ठाऊक नसते. मग महिनोन्‌महिने नकाशावरील त्या ठिपक्याभोवती बाण काढले जातात, दोन्ही बाजूंचे सेनापती ते गाव म्हणजे विजयाची किल्ली असल्याचे सांगू लागतात, आणि अखेर एक बाजू गाव जिंकल्याची घोषणा करते, तेव्हा तेथे गाव म्हणण्याजोगे काही उरलेले नसते. अशा विजयाची किंमत कशी मोजावी आणि ती कोणी चुकती केली, हे प्रश्न सेनापतींवर सोपवून नागरिकांना मोकळे होता येणार नाही.

पूर्व युक्रेनमधील बाख्मुत हे या प्रकाराचे अलीकडचे उदाहरण. सुमारे ७० हजार वस्तीचे हे शहर मिठाच्या व्यापारावर वाढले. त्याच्या शेजारच्या गावाचे सोलेदार हे नावच ‘मिठाची देणगी’ अशा अर्थाचे आहे, आणि युद्धापूर्वी युक्रेनचे बहुतांश मीठ तेथील खाणींतून निघत असे. पेण तालुक्यातील खाडीकाठची मिठागरे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना अशा गावाची कल्पना सहज करता येईल. मीठ पिकवणारी वस्ती कोणाच्या अध्यातमध्यात नसते. तिला शांतता, रस्ता आणि बाजार एवढेच हवे असते. ऑगस्ट २०२२ पासून मे २०२३ पर्यंत या शहरासाठी लढाई चालली आणि शहराचा ढिगारा झाला. रशियाच्या बाजूने लढणाऱ्या वाग्नेर या भाडोत्री सैन्याचा प्रमुख प्रिगोझिन याने आपली सुमारे २० हजार माणसे येथे कामी आल्याचे सांगितले. त्यांतील निम्मी तुरुंगांतून भरती केलेली होती. ढिगारा ताब्यात आल्यानंतरही युद्ध संपले नाही. रणरेषा थोडी पुढे सरकली, इतकेच.

अर्थशास्त्रात बुडीत खर्चाचा एक साधा नियम शिकवला जातो. जो खर्च होऊन गेला आणि कोणत्याही उपायाने परत येणार नाही, तो पुढचा निर्णय घेताना हिशेबात धरू नये. पुढे काय घालावे लागेल आणि त्यातून पुढे काय मिळेल, एवढ्याचीच तुलना करावी. नियम सोपा आहे, पण तो पाळणे माणसाच्या स्वभावात नाही. हातभर बांधासाठी भाऊबंदकीचा दावा लावणारा शेतकरी पहिल्या तारखेला बांधाची किंमत जाणून असतो. दहाव्या वर्षी तो बांधासाठी भांडत नसतो, तोवर वकिलाला दिलेल्या पैशासाठी भांडत असतो, आणि शेवटी बांध राखण्यासाठी शेत विकतो. रणांगणावरील गावाचेही असेच होते. जितकी माणसे तेथे पडतात, तितके ते गाव सोडणे अशक्य वाटू लागते. आरंभी गावाला महत्त्व असते म्हणून माणसे मरतात, आणि पुढे माणसे मेली म्हणून गावाला महत्त्व येते.

हा नियम मोडल्याची जबर शिक्षा मराठी पलटणींनी शंभर वर्षांपूर्वी भोगलेली आहे. पहिल्या महायुद्धात मेजर जनरल टाउनशेंड याची सेना तैग्रीस नदीच्या काठाने बगदादकडे निघाली होती. नोव्हेंबर १९१५ मध्ये टेसिफोन येथे अडल्यावर ती मागे फिरली आणि नदीच्या वळणातील कूत-अल्-अमारा या गावात तिने ठाण मांडले. १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी तिच्यात होत्या. ७ डिसेंबर १९१५ ला वेढा पडला आणि २९ एप्रिल १९१६ ला, १४४ दिवसांनी, शरणागती झाली. सुमारे सहा हजार अरब रहिवासी त्या गावात अडकले होते. त्यांना हे युद्ध हवे आहे की नको, हे कोणी विचारले नव्हते.

कूतची कहाणी रणनीतीइतकीच कोठारातील नोंदींचीही आहे. टाउनशेंडने प्रारंभी आपल्याकडील धान्यसाठा फार थोडे दिवस पुरेल असे कळवले. त्यामुळे सोडवणुकीस येणाऱ्या सैन्याला पुरेशा तयारीविना घाईघाईने लढाईत लोटण्यात आले. पुढे गावातील घरे धुंडाळल्यावर बरेच धान्य सापडले, परंतु तोवर व्हायचे ते नुकसान होऊन गेले होते. ज्या कोठाराची मोजदाद पहिल्याच दिवशी व्हायला हवी होती, ती न झाल्याची किंमत हजारो घरांनी मोजली. वेढ्यातील सुमारे १३ हजार माणसांना सोडवण्यासाठी बाहेरच्या सैन्याने सुमारे २३ हजार माणसे मारली किंवा जखमी करून घेतली. अखेरीस इंग्रजांनी तुर्कांना २० लक्ष पौंड देऊ केले, तेही नाकारले गेले. कैद झालेल्यांपैकी चार हजारांहून अधिक माणसे वाळवंटातील वाटचालीत आणि कैदेत दगावली. सेनापती मात्र इस्तंबूलजवळच्या एका बेटावर सन्मानाने राहिला. पुढच्याच वर्षी जनरल मॉड याने गावावर डोके न आपटता वरच्या अंगाला नदी ओलांडली. कूत आपोआप हाती आले, आणि मार्च १९१७ मध्ये बगदादही पडले.

या पलटणींत कोकणची माणसे मोठ्या संख्येने होती. ती तेथे का गेली, याचे उत्तर साम्राज्यनिष्ठेत शोधणे व्यर्थ आहे. ते भाताच्या एका पिकात आहे, खाजण फुटून खारे पाणी शिरलेल्या शेतात आहे, खोताच्या देण्यात आणि सावकाराच्या वहीत आहे. जेथे चार महिने काम आणि आठ महिने वाट पाहणे असा संसार असे, तेथे मुंबईची गिरणी आणि सरकारी पलटण हे दोनच दरवाजे उघडे होते. तैग्रीसच्या काठावरील गाव जिंकल्याने किंवा गमावल्याने कुलाबा जिल्ह्यातील एकाही घराचा खंड कमी होणार नव्हता. लाभ एकाचा आणि खर्च दुसऱ्याचा असला, की खर्चाला मर्यादा राहत नाही. बुडीत खर्चाचा मोह सेनापतीला इतका सहज का पडतो, याचेही कारण हेच आहे.

येथे कोणी शौर्याचा मुद्दा काढील, आणि तो योग्यच आहे. रोह्याच्या शेजारच्या माणगाव तालुक्यातील पळसगावचे नाईक यशवंत घाडगे ३/५ मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते. १० जुलै १९४४ रोजी इटलीतील तिबेर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या तुकडीतील इतर सर्व जण मशीनगनच्या माऱ्याने मृत किंवा जखमी झाले. घाडगे एकटेच त्या ठाण्यावर तुटून पडले, त्यांनी ते काबीज केले आणि तेथेच शत्रूच्या गोळ्यांनी त्यांना गाठले. वय अवघे बावीस वर्षांचे होते. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, आणि माणगावच्या तहसील कचेरीपाशी त्यांचा पुतळा आहे. त्या खोऱ्यातील मोन्तोने या गावाने २०२३ मध्ये त्यांच्या नावाने एक सूर्यघड्याळ उभारले. आपल्या भूमीवर परक्या मुलखातील एक तरुण पडला, याची जाण त्या गावाने ऐंशी वर्षांनी दाखवली. तेव्हा शौर्याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. शंका घ्यायची ती ते शौर्य खर्ची टाकणाऱ्याच्या हिशेबाविषयी. पैसा कष्टाचा असला म्हणजे तो उधळणाऱ्याला जाब विचारू नये, असे कोणी म्हणत नाही.

हिशेब नीट मांडला तर काय साधते, हे १९७१ च्या युद्धाने दाखवले. पूर्व पाकिस्तानात जनरल नियाझी यांनी सीमेवरील शहरांचे ‘किल्ले’ करून ती लढवण्याची योजना आखली होती. हिलीसारख्या ठिकाणी भारतीय सैन्याने समोरून धडक दिली, तेथे त्याला जबर किंमत मोजावी लागली. जेथे किल्ल्यांना वळसा घातला, तेथे मार्ग खुला झाला. ११ डिसेंबर १९७१ रोजी टांगाइलजवळ हवाई छत्रीने उतरून पुंगलीचा पूल रोखणारी दुसरी पॅरा पलटण ही मूळची घाडगे यांचीच पलटण, म्हणजे त्याआधीची ११०वी मराठा. तिला येऊन मिळालेली पहिली मराठा लाइट इन्फन्ट्री ही त्याआधीची १०३वी. कूतच्या गावात उपासमारीने गुडघे टेकावे लागलेल्या दोन पलटणी पुन्हा उभ्या राहिल्या आणि ५५ वर्षांनी शत्रूची शहरे मागे टाकून ढाक्याच्या वाटेवर एकमेकींना भेटल्या. त्यानंतर पाचव्या दिवशी ढाका शरण आले. माणसे त्याच मातीतील होती, फरक होता तो त्यांचे प्राण मोजून खर्चणाऱ्या योजनेचा.

यावर एक आक्षेप गंभीर आहे. हल्लेखोराला गावाला वळसा घालता येतो, पण ज्याचे ते गाव आहे त्याने काय करावे? बाख्मुत युक्रेनचे आहे. उद्या कुंडलिकेच्या किंवा भोगावतीच्या काठावर परके सैन्य आले, तर रोहेकर आणि पेणकर बुडीत खर्चाचे गणित मांडत बसतील काय? बसणार नाहीत, आणि बसूही नये. घर हा केवळ हिशेबाचा विषय नव्हे. परंतु नेमके घराचे रक्षण करणाऱ्यालाच माणसाची किंमत सर्वांत अधिक असायला हवी, कारण भिंती पुन्हा बांधता येतात आणि त्या बांधायला माणसेच लागतात. गाव राखताना गावकरीच संपले, तर राखले काय, हा प्रश्न उरतोच. युद्ध न्याय्य आहे, एवढ्याने त्यातील प्रत्येक लढाई शहाणपणाची ठरत नाही.

म्हणूनच हिशेब विचारण्याचा हक्क महत्त्वाचा ठरतो, आणि त्या हक्काचा एक मोठा वारसा पेण तालुक्याकडेच आहे. गागोद्यात जन्मलेल्या विनोबा भाव्यांनी १७ ऑक्टोबर १९४० रोजी पवनार येथे युद्धाविरुद्ध जाहीर भाषण करून वैयक्तिक सत्याग्रहाला प्रारंभ केला आणि त्यासाठी तुरुंग पत्करला. युद्धात माणूस आणि पैसा देण्यास नकार देण्याची व तो नकार उघड बोलून दाखवण्याची मुभा असली पाहिजे, हे त्या सत्याग्रहाचे मर्म होते. चार वर्षांनी माणगाव तालुक्यातील घाडगे इटलीत कामी आले. एकाच जिल्ह्याच्या या दोन सुपुत्रांना परस्परांविरुद्ध उभे करण्याची गरज नाही. एकाने प्राण दिला, दुसऱ्याने प्राण मागणाऱ्याला प्रश्न विचारला. समाजाला दोघांचीही गरज असते. ज्या समाजात पहिलेच निपजतात आणि दुसरे गप्प बसवले जातात, तेथे पहिल्यांचे बलिदान स्वस्त होते.

रायगड जिल्ह्यातील तरुण आजही सैन्यभरतीच्या रांगेत उभे राहतात, आणि त्यांच्या पोटात भाकरीची चिंता व मनात देशाचा अभिमान या दोन्ही गोष्टी असतात. त्यांना निरोप देणाऱ्या शिक्षकांनी पानिपतची आणि कोलाबा किल्ल्याची लढाई शिकवावी, तशीच कूतचीही शिकवावी. आवक-जावकीची वही सांभाळणाऱ्या कारकुनाला तर मोजदाद चुकली की काय होते, हे वेगळे सांगायला नको. दूरच्या एखाद्या गावाचे नाव पुन्हा ठळक अक्षरांत छापले जाईल, तेव्हा ते कोणी जिंकले याबरोबरच कितीला जिंकले आणि कोणाच्या खात्यातून, हेही विचारले गेले पाहिजे. हा प्रश्न विचारल्याने सैनिकाचा अवमान होत नाही. तो न विचारल्यानेच होतो.