झोळीवाला बुवा

'गप जेव, नाहीतर झोळीवाल्या बुवाला देईन.' हे न ऐकता मोठा झालेला माणूस आपल्याकडे विरळाच. आजी म्हणायची, आई म्हणायची. परवा भाचीला भरवताना माझ्याही तोंडून ते निघालं आणि हातातला घास हातातच राहिला. रैनपाडा आठवला.

रैनपाडा हे धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातलं गाव. १ जुलै २०१८, रविवार, आठवडी बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी तिथे आले होते, बहुतेक मंगळवेढ्याकडचे. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे, हा व्हॉट्सॲपवरचा मेसेज त्यांच्याआधीच पोचला होता. जमावाने पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात नेऊन मरेस्तोवर मारलं.

तेव्हा सगळा दोष मोबाइलला दिला गेला. मला ते पटत नाही. मेसेजमध्ये पळवणाऱ्याचं वर्णन नसतं तरी चाललं असतं. परकी बोली, मळके कपडे, खांद्याला झोळी. तो कसा दिसतो हे वाचणाऱ्याला भाताच्या घासाबरोबर शिकवलेलं होतं.

या संशयाला एकेकाळी कायद्याचा शिक्का होता. इंग्रजांनी १८७१च्या कायद्याने जमातीच्या जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या. त्यांना पोलिसांकडे हजेरी लावावी लागे. सोलापुरात तर तारेच्या कुंपणाआड त्यांची वसाहतच होती. ३१ ऑगस्ट १९५२ला तो कायदा गेला, त्या जमाती 'विमुक्त' झाल्या, पण त्यांना सराईत गुन्हेगार समजणारी कलमं तुरुंगांच्या नियमावल्यांत राहून गेली. ती सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवली ऑक्टोबर २०२४मध्ये. डवरी गोसावी भटक्या जमातींत मोडतात, विमुक्तांत नाही. संशयाला एवढा फरक कळत नाही.

आणि भाषेचं काय? 'भामट्याने वृद्धेचे दागिने लांबवले' असा मथळा आपण चहा पिता पिता वाचतो. राज्याच्या विमुक्त जातींच्या यादीत भामटा हे एका समाजाचं नाव आहे. त्या समाजातली मुलगी शाळेत जातीचा दाखला देते तेव्हा तिच्या हातात काय असतं, याचा विचार मथळा लिहिणाऱ्याने करायला हवा, आणि वाचणाऱ्यानेही. यात कुणाच्या मनात द्वेष असतो असं मी म्हणत नाही. द्वेष ओळखता येतो, त्याला अडवता येतं; हे मात्र सवयीने, मायेनेसुद्धा, पुढच्या पिढीच्या हाती जातं. म्हणूनच मला त्याची जास्त भीती वाटते.

गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक फोटो आला. 'संशयित महिला, सावध राहा.' फाटकापाशी उभी बाई, काखेत गाठोडं, कडेवर पोर. पोर गोरं होतं, तेवढ्यावरून कुणीतरी विचारलं, 'तिचंच असेल का?' अकरा जणांनी तो फोटो पुढे पाठवल्याचं सांगितलं. मी खाली उतरलो. ती सुया, दाभण, बिब्बे विकत होती. पोर आईच्या पदराशी खेळत होतं. मी सुयांची एक पुडी घेतली, वर येऊन ग्रुपवर लिहिलं आणि फोटो काढून टाकायची विनंती केली. दोघांनी अंगठा दाखवला.

फोटो अजून तिथेच आहे. पुढे पाठवलेले अकरा कुठवर गेले, ते सांगता येत नाही. ती मात्र रोज नव्या गल्लीत जाते, पोराला घेऊन.